ठमाबाईची मोकळी कुत्री

गावाचं नाव मी सांगणार नाही. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या शिवेवरचं, नदीकाठचं, आठवड्याच्या बाजाराचं एक गाव, एवढं पुरे. ज्यांच्याविषयी थोडं वाकडं लिहावं लागणार आहे त्यांची नातवंडं अजून तिथं नांदतात, आणि कधी गेलो तर मला त्यांच्याच ओट्यावर चहा मिळतो. ठमाबाईचं नाव मात्र सांगतो. तिनं जन्मात कुणाची भीड धरली नाही. तिच्याविषयी लिहिताना मी भीड धरली तर तिला ते मुळीच आवडणार नाही.

प्लेगाच्या पहिल्या साथी तेव्हा नुकत्याच ओसरल्या होत्या. गावात आरोग्य कमिटी नेमली गेली होती आणि त्या कमिटीचा मी एकुलता एक कारकून होतो. वय पंचविशीच्या आत, अक्षर वळणदार आणि डोक्यात हवा भरपूर. एका बाजाराच्या दिवशी मी कचेरीत नकला करत बसलो होतो, तर बाहेरून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "फौजदार, बस खाली! मामलेदार, लोकांम्होरं लाळ गाळू नगंस!"

मी ताडकन उठलो. कोट चढवला, टोपी सारखी केली आणि बाहेर आलो. बाहेर ना फौजदार होते ना मामलेदार. काळं घोंगडं खांद्यावर टाकलेली एक उंच, काटक बाई उभी होती. काठी हनुवटीखाली रोवलेली, एक पाय दुसऱ्या गुडघ्याला टेकवलेला. तिच्यासमोर तीन कुत्री बसली होती आणि एकाच्याही गळ्यात दोरी नव्हती. तिसऱ्या कुत्रीचं नाव चावडी. ती उगाचच भुंकत राहायची म्हणून ते नाव.

"बाई, सरकारी हुद्द्यांची नावं कुत्र्यांना कशी ठेवता?" मी जमेल तेवढा दरारा आणून विचारलं.

"हाक मारली की येत्यात, राव," ती म्हणाली. "खरे कवा आल्यात?"

मला हसू आवरेना. कारकुनानं हसू नये असं मला तेव्हा वाटत असे, म्हणून मी आत जाऊन हसलो.

ठमाबाई महाळुंगे पडवळच्या बाजूची धनगरीण. पन्नाशी गाठलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा आणि सून वाड्यावर असायची, म्हणजे मेंढ्यांच्या तळावर, पण वाडा चालायचा ठमाबाईच्या शब्दावर. पाऊसकाळ संपला की कळप घेऊन ती दोन्ही तालुके पालथे घालायची. अवसरी खुर्दची माळरानं, बेल्ह्याचा गुरांचा बाजार, आणि फाल्गुन-चैत्रात आमच्या गावचे नदीकाठचे मळे. मळेवाले तिची वाट बघत असायचे. मोकळ्या रानात रात्री मेंढ्या बसवल्या की जे लेंडीखत पडतं त्याला तोड नाही. त्यासाठी ती वाघूर लावायची. वाघूर म्हणजे मेखा ठोकून केलेलं जाळ्याचं कुंपण. रात्रभर मेंढ्या त्यात कोंडायच्या आणि दुसऱ्या दिवशी मेखा उपटून वाघूर एक पट्टा पुढं सरकवायची. असं पट्ट्यापट्ट्यानं आख्खं रान बसवून होईपर्यंत वाघूर त्या रानातून हलवायची नाही, हा धनगरांचा शिरस्ता. जाळ्याच्या आत मेंढ्या, जाळ्याबाहेर कुत्री. लांडगा आला तर कुत्र्यांनी बघायचं.

जेवायला बसली की ती आधी कुत्र्यांना घालायची. स्वतःच्या भाकरीचा तुकडा मोडण्याआधी तिन्ही कुत्री खाऊन तृप्त झालेली असायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "ती जागनार आनि मी झोपनार. मग आधी कुनी खावं?"

आणि चारायची तीही हातावरून. पिल्लू चालायला लागलं की मेंढीच्या दुधात कालवलेली भाकरी तळहातावर घेऊन ती त्याला भरवायची. मग तसाच घास भुईवर टाकायची. पिल्लू त्याकडं धावलं की काठीचं टोक हळूच नाकावर. महिना दीड महिना हाच अभ्यास. त्यानंतर ते कुत्रं मरेपर्यंत भुईवरचं काही खात नसे, आणि तिच्याशिवाय कुणाच्या हातचंही घेत नसे. "मेंढरं चोरायला येनारा आधी कुत्र्याला तुकडा टाकतो, भाऊ," तिनं मला समजावलं होतं. माझा विश्वास बसला नाही. मी घरून बुंदीचा लाडू आणला आणि तिची पाठ वळताच फौजदारापुढं टाकला. त्यानं लाडवाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवून बसला. एका कुत्र्यापुढं मी इतका ओशाळलो की लाडू उचलून खिशात घातला.

आता नियमाची गोष्ट.

साळ्यांच्या आळीतल्या एका तरण्या विणकराला बाजारात बेवारशी कुत्रं चावलं. जखम भरली, सगळे विसरले, आणि महिन्याभरानं त्याला पाणी गिळेना. त्या रोगावर आमच्याकडं औषध नव्हतं. कमिटीतर्फे मी त्याच्या घरी गेलो होतो. चार माणसांनी त्याला धरून ठेवलं होतं, त्याची आई कोपऱ्यात तोंडात पदर कोंबून बसली होती. पाण्याचा तांब्या नुसता दिसला तरी त्याच्या नरड्यातून जो आवाज निघायचा तो मी अजून विसरलो नाही. तेव्हा कुत्र्यांवरचा नियम झाला तो काही कुणाच्या लहरीनं झाला नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. गाव खरोखर घाबरलं होतं, आणि मीही घाबरलो होतो.

कमिटीचे अध्यक्ष दादासाहेब. वाईट माणूस नव्हते. नदीकाठी मोठा मळा, स्वभावानं शिस्तीचे, आणि नियम करायची भारी हौस. थुंकण्याचा नियम, उकिरड्याचा नियम, ओट्यावर आंघोळ करण्याचा नियम, सगळे त्यांनीच केले होते. कुत्र्यांचा नियम असा: गावच्या हद्दीत, मळे धरून, प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात चामड्याचा पट्टा आणि पट्ट्याची दोरी मालकाच्या हातात. जे कुत्रं मोकळं दिसेल त्याला कमिटी विष घालील. मी तो नियम माझ्या सर्वांत सुंदर अक्षरात लिहिला. दवंडी पिटली गेली. खोगिरं शिवणाऱ्या कासमभाईंनी पट्टे करून दुकानाबाहेर टांगले.

ठमाबाईचा कळप तेव्हा नुकताच दादासाहेबांच्या मळ्यात उतरला होता. पुढच्या बाजाराला ती नेहमीसारखी तिन्ही मोकळ्या कुत्र्यांसकट आली. मी तिला कासमभाईंच्या दुकानापाशी गाठलं आणि नियम वाचून दाखवला. तिनं तो शेवटपर्यंत ऐकला.

"तीन कुत्र्यांच्या तीन दोऱ्या," ती म्हणाली. "हात मला दोन. काठी काय दातात धरू?"

"मुलाच्या हातात द्या एखादी."

"आनि लांडगा आल्यावर आमी समद्यांनी दोरीला धरून पळायचं व्हय त्याच्या मागं? त्याला बी वाचून दाखिवला का ह्यो नियम?"

कासमभाई पट्ट्यांच्या आड तोंड लपवून हसत होते. मी जरा चिडून म्हणालो, "ठमाबाई, एक तरणाताठा मुलगा गेलाय. ही थट्टेची वेळ नाही."

तिचा चेहरा एकदम उतरला. "कुनाचा?" तिनं विचारलं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती तडक साळ्यांच्या आळीत गेली. कुत्री आळीच्या तोंडाशी बसवली आणि त्या विणकराच्या आईपाशी दुपार टळेपर्यंत बसून राहिली. येताना पुन्हा मला भेटली. "कुत्र्याचा दोष न्हवता असं मी म्हननार न्हाई," ती म्हणाली. "पर ते कुत्रं येडं हाय हे कुनाला दिसलं न्हाई, कारन त्याला कुनी वळखतच नव्हतं. माजी मी वळखते. मी बांधनार न्हाई. सांगा तुमच्या दादासायबांना."

मी सांगितलं. इथं माझी चूक झाली. तिनं जेवढं सांगितलं होतं तेवढंच सांगितलं. भुईवरचं न खाणाऱ्या कुत्र्यांची गोष्ट मला माहीत होती आणि ती मी सांगितली नाही. मला ती त्या वेळी सुचलीच नाही.

विष म्हणजे कुचला. गूळ-भाकरीच्या गोळ्यांत घालून टाकायचा. पुडी कचेरीच्या पेटीत असायची आणि पेटीची किल्ली माझ्याकडं. पहिल्या दिवशी शिपायानं गल्ल्यांतून गोळ्या टाकल्या. सकाळी भडभुंज्याच्या भट्टीशी ऊब घेत पडणाऱ्या कुत्र्यांपैकी चार पाय ताणून मेलेली दिसली. मी नजर दुसरीकडं वळवून कचेरीत गेलो.

दोन दिवसांनी दादासाहेबांनी शिपायाला स्वतःच्याच मळ्यात पाठवलं. नियम आधी आपल्या बांधावर लागू झाला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. दिवस मावळताना शिपायानं वाघुरीच्या भोवती गोळ्या टाकल्या. कुत्री रात्रभर त्या गोळ्यांवरून येरझाऱ्या घालत राहिली असतील. एकानंही तोंड लावलं नाही. सकाळी ठमाबाईच्या मुलानं वाघूर उघडली, मेंढ्या बाहेर पडल्या आणि गुळाच्या वासानं त्यांनी बांध हुंगायला सुरुवात केली.

मी पोचलो तेव्हा सात मेंढ्या आडव्या होत्या. दोन गाभण. मुलगा डोक्याला हात लावून बसला होता, सून मोठ्यानं रडत होती. ठमाबाई रडत नव्हती. ती एकेक गोळी वेचून पदरात घेत होती. कुत्री तिच्या मागं मागं फिरत होती.

"इषाची पुडी कुनी दिली?" वर न बघता तिनं विचारलं.

शिपाई माझ्याकडं बघू लागला. "मी दिली," मी म्हणालो.

"बरं झालं सांगितलं," एवढंच ती म्हणाली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मला त्या दिवशी स्वतःची जी लाज वाटली ती आजही तितकीच वाटते.

मग तिनं मेखा उपटायला घेतल्या. रान निम्मं बसवून झालं होतं, निम्मं राहिलं होतं. दादासाहेब घाईघाईनं बांधावर आले. चेहरा पडला होता, पण आवाज अध्यक्षांचाच होता. "ठमाबाई, झालं ते वाईट झालं. पण वाघूर अशी अर्ध्यातून काढत नाहीत. शिरस्ता आहे तुमचाच."

"व्हय, शिरस्ता हाय," ती मेख हलवत म्हणाली. "पावण्याच्या ताटात इष न घालायचा बी शिरस्ता हाय."

"रान निम्मं राहील."

"ऱ्हाऊ द्या. येनाऱ्या-जानाऱ्याला दिसू द्या."

मेलेल्या मेंढ्या तिनं नदीच्या थडीला खोल खड्ड्यात पुरल्या. गिधाडांनी किंवा दुसऱ्या कुणाच्या कुत्र्यानं खाऊ नयेत म्हणून. दिवस डोक्यावर यायच्या आत कळप हद्दीबाहेर गेला.

तिचं बोलणं पावसाळ्यात खरं झालं. दादासाहेबांच्या मळ्यात बाजरी आली. वाघूर जिथपर्यंत पोचली होती तिथपर्यंत ती माणसाच्या डोक्यावर गेलेली, हिरवीगार, आणि त्याच्यापुढं एकदम गुडघ्याएवढी, पिवळट. दोहोंच्या मध्ये एक सरळ रेघ. मळा नेमका रस्त्याला लागून. बेल्ह्याच्या बाजाराला जाणाऱ्या गाड्या तिथं थांबायच्या, गाडीवान खाली उतरून बघायचे, एकमेकांना विचारायचे आणि पुढं जाऊन दहा ठिकाणी सांगायचे. "दादासायबांनी रानावर सही केली राव," कासमभाई येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे. त्यांच्या दुकानातले पट्टे तोवर पावसाच्या हवेनं बुरसून गेले होते.

गोष्ट धनगरांच्या वाड्यावाड्यांवर पोचली. त्या दिवाळीनंतर एकही कळप आमच्या हद्दीत उतरला नाही. लांबून वळसा घालून जायचे, पण मळ्यात मेख ठोकायचे नाहीत. ठमाबाईनं कुणाला शपथ घातली नव्हती की पंचायत भरवली नव्हती. सात मेंढ्या कशानं मेल्या एवढंच तिनं सांगितलं होतं. मळेवाले आधी कुरकुरले, मग दादासाहेबांच्या ओट्यावर येऊन बसू लागले. मला खरं सांगायचं तर मनातून आनंद होत होता. पगार कमिटीचा आणि आनंद हा असा, याला काय म्हणावं ते म्हणा.

फाल्गुन लागला तसं कमिटीनं मला आणि कासमभाईंना ठमाबाईकडं पाठवलं. कासमभाई धनगरांकडून कातडी घेत, त्यांचा शब्द तिथं चालायचा. ती अवसरी खुर्दच्या माळावर होती. आम्हाला बघताच तिनं सुनेला ताक आणायला सांगितलं. मी तिच्या हातचं ताक घ्यायला कचरलो. तिच्या ते ध्यानात आलं. "प्या, प्या," ती म्हणाली. "आमच्यात घालत न्हाईत." कासमभाई ठसका लागेपर्यंत हसले.

मी कागद काढून वाचला. ठमाबाईची तीन कुत्री वगळून बाकी नियम कायम, अशी सूट कमिटीनं लेखी दिली होती. दादासाहेबांना हे लिहून द्यायला किती जड गेलं होतं ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, झालं काम.

"माजी वगळून," ती म्हणाली. "मंग भट्टीपाशी निजत्यात त्यांचं काय? त्यांना कोन हाय?"

"बेवारशी कुत्र्यांचं तुम्हाला काय पडलंय, ठमाबाई?"

"बेवारशी कशानं? त्या भट्टीची राखन कोन करतं? चोर आला तर भुंकतं कोन? गाव त्यांच्याकडून राखन करून घेतं आनि नाव इचारलं की बेवारशी." ती काठीवर हनुवटी टेकवून माझ्याकडं बघत राहिली. "लिवा. तुमी लिवनारं हायसा न्हवं? मग लिवा."

मी दऊत काढली. तिनं सांगितलं ते असं: "ज्याचं कुत्रं त्यानं वळखावं. ज्याला धनी न्हाई त्याला आळीनं वळखावं. पिसाळल्याचा संशय आला तर बांधावं आनि दोन अमावस्या जाऊ द्याव्या. खरंच पिसाळलं तर मारावं. पर ज्याच्या हातचं खाल्लं त्यानं म्होरं हून मारावं. इष टाकून घरी जाऊन निजू नये." माझ्या हातून आजवर पुष्कळ नियम लिहिले गेले. मनापासून लिहिलेला तो एकच.

कमिटीनं विष बंद केलं. दोरीचा नियम तेवढा कागदावर राहू दिला, दादासाहेबांची लाज राखायला. कळप उतरला, वाघूर लागली, आणि चैत्रात एका पहाटे एक कोल्हा सरळ वाघुरीवर चालून आला.

कोल्हा मेंढ्यांच्या कळपावर असा एकटा चालून येत नाही. तोंडाला फेस, चाल वाकडी. मामलेदार आणि चावडी पलीकडच्या बांधावर होती. फौजदारानं त्याला जाळ्याला भिडू दिलं नाही. कोल्हा मेला, पण फौजदाराच्या खांद्याला दात लागले होते. उजाडेपर्यंत ही बातमी गावात पसरली आणि दादासाहेब दहा-बारा माणसं घेऊन मळ्यात आले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही आलो असतो.

"आत्ताच्या आत्ता मारा त्याला," ते म्हणाले.

"दोन अमावस्या," ठमाबाई म्हणाली. "मीच लिवून दिलंय, दादासायब. ते माज्या कुत्र्याला बी लागू हाय."

तिनं कासमभाईंकडून जाड दोरी आणवली. जन्मात दोरी न पाहिलेल्या त्या कुत्र्यानं मान पुढं केली आणि तिनं त्याला बाभळीला बांधलं. त्याला कळेना आपलं काय चुकलं. संध्याकाळी मेंढ्या वाघुरीत जायला लागल्या की तो उठायचा, दोरीला हिसका बसायचा आणि तो तिच्याकडं बघायचा.

खरी पंचाईत पुढंच होती. मुलानं लांब काठीनं भाकरी त्याच्यापुढं सरकवली. फौजदारानं तोंड लावलं नाही. भुईवरचं तो खाणार नव्हता, दुसऱ्याच्या हातचं घेणार नव्हता. एक दिवस गेला, दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ठमाबाई भाकरी घेऊन उठली. मुलगा आडवा झाला, सून पाया पडली. मी तिथंच होतो, मीही म्हणालो, "ठमाबाई, लाळेतून जातो तो रोग. खरचटलेला हात असेल तर संपलंच."

"मीच शिकिवलंय त्याला," ती म्हणाली. "आता माजा जीव वाचावा म्हनून त्याला उपाशी मरू द्यायचं व्हय?"

रोज दोन वेळा ती त्याच्याजवळ गेली. आधी डोळे बघायची, आवाज ऐकायची, मग तळहात पुढं करायची. तो एकेक तुकडा ओठांनी उचलायचा, दात लागू न देता. परतताना ती राखेनं आणि नदीच्या पाण्यानं कोपरापर्यंत हात घासायची. गावातली माणसं कामधाम सोडून बांधावर बघायला यायची. एक दिवस विणकराची आईही आली. लांब उभी राहून बघितलं आणि परत गेली.

पहिली अमावस्या सरली. त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी ठमाबाई भाकरी घेऊन गेली आणि थांबली. फौजदार खाली मान घालून बाभळीखालची माती खात होता. घास घास माती. तिनं हाक मारली. त्यानं वर पाहिलं आणि ओळख दिली नाही.

तिनं भाकरी मुलाच्या हातात दिली. "कुऱ्हाड आन," म्हणाली. मुलगा म्हणाला, मी मारतो. शिपाई म्हणाला, मी मारतो. "त्यानं तुमच्या हातचं खाल्लंय का?" तिनं विचारलं. कुऱ्हाडीच्या पाठीमागच्या बाजूनं एकच घाव. तो ओरडलासुद्धा नाही. मग ती खाली बसली आणि रडली. हंबरडा फोडून, सगळ्या गावासमोर, पोटच्या पोरासाठी रडावं तशी रडली. मीही रडलो, आणि या वेळी आत जाऊन रडलो नाही.

आठच दिवसांत कमिटीची बैठक भरली. दादासाहेबांनी ठराव मांडला: विष पुन्हा सुरू करावं आणि दोरीचा नियम सक्तीनं पाळावा. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. जिच्यापायी आपण नियम ढिला केला तिच्याच कुत्र्याला रोग झाला. एवढी हट्टी बाई, पण शेवटी तिलाही बांधावंच लागलं. मी ते टिपून घेत होतो, तेवढ्यात ठमाबाई दारात दिसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती आत आली आणि गुंडाळी केलेली ती दोरी तिनं माझ्या कागदांवर ठेवली.

"ही घ्या," ती म्हणाली. "धुवून, उन्हात वाळवून आनलीया. मला लागली तवा मी वापरली."

दादासाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "तेच मी म्हणतोय, ठमाबाई. तूच बांधलंस ना त्याला? मग आता उरलेल्या दोघांनाही बांध. एवढंच मागतो."

"त्यो येडा झाला असंल असं वाटलं म्हनून बांधला," ती म्हणाली. "ही दोन शानी हाईत. शान्याला बांधत न्हाईत, दादासायब. आनि ज्याला इष घालायचंय त्यानं आधी माज्यासारखं बावीस दिस त्याच्या तोंडाशी हात न्यावा. मग घालावं. मी आडवी येनार न्हाई."

तिनं हात जोडले आणि ती निघून गेली. दादासाहेबांनी घसा साफ केला आणि विचारलं, "ठरावाला अनुमोदन कोण देतंय?" त्यांनी सगळ्यांकडं एकेक करून पाहिलं. कुणी खिडकीकडं बघत होतं, कुणी स्वतःच्या उपरण्याची दशी ओढत होतं. मी थोडा वेळ वाट पाहिली आणि वहीत लिहिलं, अनुमोदन नाही.

त्याच वर्षी मी ती नोकरी सोडून पुण्याला गेलो. ठमाबाई पुन्हा भेटली नाही. मला शेवटची दिसली ती त्या दुपारी, कचेरीच्या खिडकीतून. बाजार ऐन भरात होता आणि ती मधल्या रस्त्यानं चालली होती. मामलेदार आणि चावडी तिच्या पुढं होती, गळे मोकळे, माणसांच्या पायांतून वाट काढत. एका बाईनं आपलं टोपलं जरा बाजूला घेतलं, एवढंच. दादासाहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. ती नदीकडं वळून दिसेनाशी होईपर्यंत ते बघत राहिले, आणि तिला थांबवायला त्यांनी मला सांगितलं नाही.